ऑक्टाव्हिया आरएस: कंपनीतून निघाली तशी कशी ठेवायची

२००४ साली भारतात आलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस ही शेंद्र्याच्या कारखान्यात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादजवळ आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, जुळवलेली गाडी. १७८१ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह (तीन हवा आत घेणारे, दोन धूर बाहेर सोडणारे), पाच गिअर आणि १५० पीएस (अश्वशक्ती). युरोपात याच नावाची गाडी १८० पीएसची होती, आणि ते राहिलेले ३० पीएस आपल्याकडच्या मालकांना कायम डाचत राहिले. मग रीमॅप (इंजिनच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) आला, जाड नळीचा एक्झॉस्ट आला, शंकूसारखा एअर फिल्टर आला, इंग्लंडहून, तिथे या गाडीला म्हणतात त्या 'व्हीआरएस' नावाचे बिल्लेही आले. वीस वर्षांत बहुतेक गाड्यांना यातलं काही ना काही चिकटलंच.

त्यामुळे आज वेगवान केलेली आरएस शोधायला वेळ लागत नाही. हात न लागलेली शोधताना दमछाक होते. आणि जपायचं म्हणजे नेमकं काय, इथेच बहुतेकांची गल्लत होते. इंग्लंडच्या माहितीपत्रकातली आरएस हा आपला नमुना नव्हे. शेंद्र्यातून १५० पीएस, इकडच्या रस्त्यांसाठीची बांधणी आणि इकडचे बिल्ले घेऊन जी गाडी निघाली, ती नमुना. तिच्यावर ब्रिटिश बंपर चढवणं म्हणजे पैठणीला बनारसी काठ जोडणं. दोन्ही महाग, पण पैठणी राहिली नाही. हीच दृष्टी कुर्ल्यात बनलेल्या पालिओ १.६ जीटीएक्सला किंवा जुन्या सिटी व्हीटेकलाही लागू पडते; पार्ट नंबर तेवढे वेगळे.

आधी गाडी वाचा

पाना हातात घेण्याआधी एक दिवस वही, मोबाइल आणि टॉर्च घेऊन गाडीपाशी बसा. सर्व्हिस बुकच्या पहिल्या पानावर आणि डिकीत स्टेपनीच्या खोलगट भागाजवळ कागदी स्टिकर असतो. त्यावर चासी नंबर, मॉडेल कोड, इंजिन आणि गिअरबॉक्सचे कोड, रंगाचा कोड, आतल्या कापडा-लेदरचा कोड आणि बारीक अक्षरांत तीन-तीन अक्षरांचे पर्याय-कोड छापलेले असतात. गाडीची जन्मपत्रिका म्हणावी ती हीच. तिचा स्पष्ट फोटो काढा. डिकीतला स्टिकर दमट कार्पेटखाली कुजतो, म्हणून त्यावर हात फिरवू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. शाई उठून येते.

चासी नंबर बॉनेटखाली उजव्या सस्पेन्शनच्या घुमटावर पत्र्यात ठोकलेला असतो. तो, स्टिकरवरचा आणि आरसीवरचा, तिन्ही अक्षरागणिक जुळवा. इंजिन नंबरही असाच. आरसी स्मार्ट कार्डावर उतरवताना एखादं अक्षर चुकलेलं बऱ्याचदा सापडतं, आणि ती चूक नेमकी गाडी विकताना किंवा दुसऱ्या राज्यात नेताना आडवी येते. दुरुस्ती आत्ताच करून घ्या.

मग सुट्या भागांकडे वळा. या गाडीच्या बॉडीचे आणि आतले खास भाग '१यू०' किंवा त्यासारख्या १यू-ने सुरू होणाऱ्या नंबराचे असतात, इंजिनचे बरेचसे '०६ए'ने, आणि गोल्फशी सामायिक असलेले '१जे०'ने. एखाद्या भागावर १जे० दिसलं म्हणून तो बदललेला आहे असं समजू नका. कंपनीनेच तो तसा बसवलेला असू शकतो. तारीख शोधायची असेल तर प्लास्टिकच्या भागाची मागची बाजू बघा. साच्यात उमटलेलं रुपयाच्या नाण्याहून लहान घड्याळ दिसेल: कडेने १ ते १२ आकडे, मध्ये वर्षाचे दोन अंक आणि महिन्याकडे रोखलेला बाण. हेडलाइटची मागची बाजू, एअर फिल्टरचा डबा, दाराच्या पॅनेलची आतली बाजू, सगळीकडे ते असतं. गाडीच्या उत्पादनाआधीचे काही महिने दिसले तर ठीक. २००५च्या गाडीत एकाच हेडलाइटवर २००९चं घड्याळ असेल तर त्या कोपऱ्याला धडक बसली होती हे गृहीत धरून पुढचा पत्रा तपासा.

काचांवरचा कोरीव शिक्का, सीटबेल्टच्या तळाशी शिवलेली पट्टी, रेडिओचा सिरियल नंबर, हेही टिपून ठेवा. विंडशील्ड बदललेलं असतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका; दगडाने काच फुटतेच. दाराची काच बदललेली असेल तर मात्र का, ते शोधा.

पेंटची जाडी मोजायचं यंत्र भाड्याने किंवा उसनं मिळतं. दर पॅनेलवर पाच ठिकाणी मोजा. कंपनी कलर साधारण ९० ते १५० मायक्रॉनमध्ये बसतो. २०० ते ३०० म्हणजे वरून पुन्हा रंग मारलाय. ५००च्या पुढे गेलं की खाली लांबी भरलेली आहे. दरवाजाच्या चौकटीत, बॉनेटच्या आतल्या काठाला आणि डिकीच्या रबराखालीही मोजा, कारण बाहेरचं रंगकाम नीट करणाराही तिथे क्वचितच हात घालतो. आकडे वहीत लिहून ठेवा. पुढच्या ग्राहकासमोर 'एकही पॅनेल मारलेलं नाही' असं नुसतं म्हणण्यापेक्षा हे पान ठेवलेलं बरं.

कोणता बदल परतवता येतो

गाडीत झालेल्या प्रत्येक बदलासमोर एक खूण करा: पान्याने परत येतो, पैशाने परत येतो, किंवा कधीच येत नाही.

पान्याने परत येणारे म्हणजे चाकं, एअर फिल्टर, स्प्रिंग, स्टिअरिंग कव्हर. इथे एकच अट: काढलेला मूळ भाग घरात असला पाहिजे. मूळ एअर बॉक्स 'जागा अडवतो' म्हणून भंगारात टाकणारे नंतर तोच डबा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नाहीतर दिल्लीच्या मायापुरीत शोधत फिरतात. मूळ अलॉय चाकांना चकचकीत काळा रंग देऊ नका. रिम घासली असेल तर मूळ चंदेरी छटा जुळवूनच दुरुस्त करा, आणि पाचवं चाकही त्याच वेळी बाहेर काढून बघा. स्टेपनीखाली पाणी साचलेलं असतं.

पैशाने परत येणाऱ्यांत वायरिंग सगळ्यात वाईट. बाहेरचा म्युझिक सिस्टीम बसवताना मूळ जोड कापून वायरी टेपने गुंडाळलेल्या असतात. तो जोड पुन्हा बसवायचा तर त्याच जाडीच्या वायरी, क्रिम्प आणि उष्णतेने आकसणारी नळी लागते. सोल्डरचा डाग नको, कारण डाग दिलेल्या जागी वायर ताठ होते आणि धक्क्यांनी शेजारून तुटते. नवा सिस्टीम हवाच असेल तर मूळ जोडात बसणारी अॅडॉप्टर वायर घ्या आणि जुना रेडिओ त्याच्या कोड-कार्डासकट जपा. एचआयडीचे (झेनॉन दिव्यांचे) किट लावलेले असतील तर आजच काढा. हॅलोजनसाठी घडवलेल्या हेडलाइटमध्ये ते नीट बसतच नाहीत, समोरच्याचे डोळे दिपवतात, आणि जास्तीच्या वायरी गाडीभर पसरतात ते वेगळंच.

रीमॅपचं गणित वेगळं आहे. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, तोच; फक्त आतली फाइल बदललेली. ज्याने रीमॅप केला त्याच्याकडे मूळ फाइल अजून असेल तर ती मागून घ्या आणि दोन ठिकाणी साठवा. नसेल तर त्याच पार्ट नंबरच्या, त्याच सॉफ्टवेअर आवृत्तीच्या ईसीयूवरून वाचलेली फाइल हवी. 'जवळजवळ तशीच' चालत नाही. दुसरा ईसीयू आणून बसवायचा विचार असेल तर इमोबिलायझर (चोरीपासूनचं इलेक्ट्रॉनिक कुलूप) आठवा: चावी, मीटर आणि ईसीयू एकमेकांशी बांधलेले असतात. गाडी रीमॅप केलेली आहे का हे मालकाच्या शब्दावर ठेवू नका. व्हीसीडीएस (गाडीचा संगणक वाचणारं सॉफ्टवेअर) जोडून ग्रुप ११५मध्ये ईसीयूने मागितलेला बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट तिसऱ्या गिअरमध्ये मोजा. मूळ गाडीची मागणी माफक असते; आकडा हवेच्या नेहमीच्या दाबाहून एक बारच्या आसपास वर दिसला तर कोणीतरी आत हात घातलेला आहे.

कधीच परत न येणारे बदल म्हणजे भोकं. बंपरला पार्किंग सेन्सरची चार भोकं, स्पॉयलरसाठी डिकीच्या झाकणाला ड्रिल, डॅशबोर्डवर बूस्ट मीटरसाठी स्क्रू, मागच्या पार्सल ट्रेमध्ये स्पीकरसाठी करवत. त्यांना बुजवलं तरी खूण राहते. ज्यांना गाडी जपायची आहे त्यांनी हा एकच नियम लक्षात ठेवला तरी निम्मं काम झालं: ड्रिल मशीन गाडीच्या जवळ येऊ द्यायचं नाही.

काचेची काळी फिल्म २०१२पासून चालत नाही, तरी जुन्या गाड्यांवर ती सापडते. पुढच्या काचांवरची हेअर ड्रायरने गरम करून निघते. मागच्या काचेवर मात्र ब्लेड लावू नका. डिफॉगरच्या तांबूस रेषा फिल्मच्या गोंदाबरोबर सोलून येतात. साबणपाण्याने भिजवून, वर प्लास्टिक चिकटवून, उन्हात तासभर ठेवा आणि रेषांच्या दिशेनेच, आडवं, सावकाश ओढा.

इंजिन: आत काय बदलायचं, बाहेर काय दिसलं पाहिजे

झिजणारा आणि न दिसणारा भाग निर्धास्त बदला, शक्यतो मूळपेक्षा चांगला. दिसणारा भाग मूळचाच ठेवा. झिजलेल्या बेल्टवर गाडी चालवण्याला मूळपणा म्हणत नाहीत.

टायमिंग बेल्ट इथे सगळ्यात वर. हा तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, आणि या इंजिनात व्हॉल्व्ह वीस आहेत. कमी चाललेल्या गाडीत किलोमीटरच्या भरवशावर राहू नका. उष्णतेने रबर जागच्या जागी कडक होतं. पाच वर्षं किंवा ८० ते ९० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. काम उघडलं की बेल्टबरोबर रोलर, हायड्रॉलिक टेन्शनर, पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅटही बदला. पंप याच बेल्टवर फिरतो, आणि मूळ पंपाचं पातं प्लास्टिकचं असल्यामुळे ते वयाने तडकतं किंवा दांड्यावर सैल होऊन नुसतं गरगरतं. धातूच्या पात्याचा पंप घ्या. तो बाहेरून दिसत नाही, मूळपणाला धक्का लागत नाही.

हायड्रॉलिक टेन्शनर दाबताना घाई नको. ५ एमएमचा थ्रेडेड रॉड लावून नट थोडा थोडा फिरवायचा, मध्ये थांबायचं, आतल्या तेलाला वाट मिळाली पाहिजे. पकडीने एका झटक्यात दाबला तर आतलं सील फाटतं आणि पाचशे किलोमीटरनंतर बेल्ट खडखडायला लागतो. इंजिन माउंटिंगचे ताणले जाणारे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. नवे आणले आहेत का, हे मिस्त्रीला आधीच विचारा.

कूलंट गुलाबी, जी-१२ वर्गाचा. आधी गाडीत हिरवा-निळा भरलेला असेल तर नुसती भर घालू नका. दोन्हींचं मिश्रण तपकिरी गाळासारखं होतं आणि हीटरच्या बारीक नळ्या बुजतात. रंग तपकिरी दिसला की पूर्ण रिकामं करून साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, शेवटी डिस्टिल्ड पाण्यात अर्धं-अर्धं भरा. हेडच्या बाजूची प्लास्टिकची कूलंट जोडणी वयाने तडे देते, तिथेच तापमानाचा सेन्सर बसतो. सेन्सर काळा असेल तर तो जुन्या घडणीचा, हिरवा आणा. तो बिघडला की थंडीत गाडी उशिरा सुरू होते आणि काटा कधी वर, कधी शून्यावर जातो.

ऑइल पूर्ण सिंथेटिक, ५डब्ल्यू-४०, डब्यावर फोक्सवॅगनचं ५०२.०० हे मानक लिहिलेलं. फिल्टरसकट साडेचार लिटरच्या आसपास लागतं, पण डिपस्टिक बघूनच थांबा. जास्त भरलेलं ऑइल इंजिनाच्या श्वासनलिकांतून (ब्रीदर पाइप) टर्बोत जातं. दर साडेसात हजार किलोमीटरला किंवा वर्षाला एकदा, गाडी फक्त दोन हजार चालली असली तरी. स्वस्त ऑइल आणि लांबलेली सर्व्हिस यांनी या इंजिनात काळी राब जमते, ती तळाच्या जाळीत अडकते, आणि टर्बोला ऑइल नेणारी पातळ नळी एक्झॉस्टच्या उष्णतेने आतून जळून अरुंद होते. टर्बो 'अचानक गेला' असं म्हणतात तेव्हा त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच नळी असते. गाडीचा इतिहास ठाऊक नसेल तर एकदा चेंबर (इंजिनाखालचा ऑइलचा तळ) उतरवून जाळी बघा आणि नळी नवीच लावा. जोरात चालवून आल्यावर एक-दोन मिनिटं इंजिन रिकामं फिरू देऊन मग बंद करा.

टर्बोच्या हवेचा मार्ग बंद असतो आणि त्यातली हवा मोजलेली असते. 'फुस्स' आवाजासाठी बसवलेला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह हवा बाहेर सोडतो, पण त्या हवेची मोजणी एअर मास सेन्सरने आधीच केलेली असते आणि ईसीयू तेवढं पेट्रोल सोडतो. हवा गेली, पेट्रोल राहिलं. काळा धूर, गिअर बदलताना गचका, प्लग काळे. मूळचा हवा परत आत वळवणारा व्हॉल्व्ह लावा. त्याचा पडदा फाटला असेल तर बूस्ट भरतच नाही. तोंडाने ओढून बघा, धरून राहिला पाहिजे. शंकूसारख्या फिल्टरवरचं तेल एअर मास सेन्सरच्या तारेवर बसतं, त्यामुळे मूळ कागदी फिल्टरवर परत आल्यावर सेन्सर त्याच्या खास क्लीनरने साफ करा, फडक्याने नाही.

इनटेकखालच्या व्हॅक्यूमच्या आणि श्वासनलिकांच्या रबरी नळ्या तेल पिऊन ओल्या ब्रेडसारख्या मऊ होतात. एक फाटली म्हणून एकच बदलली की पुढच्या महिन्यात शेजारची जाते. सगळ्या एकदम मागवा आणि धुराच्या यंत्राने गळती तपासा.

इग्निशन कॉइल एक गेली की इंजिन थरथरतं आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. दिवा लुकलुकत असताना गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटालिटिक कन्व्हर्टर जाळतं, आणि मूळ कन्व्हर्टर हा आता सहज न मिळणारा भाग आहे. चारही कॉइल एकाच बनावटीच्या ठेवा. प्लगचा गॅप ०.८ एमएम, आवळ ३० न्यूटन-मीटर, तीही इंजिन थंड असताना. गिअरबॉक्समध्ये ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक, सुमारे दोन लिटर, जीएल-४ दर्जाचं. जीएल-५मधली गंधकयुक्त रसायनं पितळी सिंक्रो (गिअर जुळवणाऱ्या कड्या) खातात.

पार्ट घेताना एक गंमत बघायला मिळते. स्कोडाला माल पुरवणाऱ्या कंपन्या तोच भाग स्वतःच्या डब्यात विकतात, आणि त्यावरचा गाडीकंपनीचा शिक्का ग्राइंडरने खरवडलेला असतो. खरवडलेली खूण दिसली म्हणून भाग खोटा ठरत नाही, उलट तो बहुधा त्याच साच्यातून आलेला असतो. न दिसणाऱ्या जागी असे भाग बेलाशक वापरा. काढलेला जुना भाग टाकून देऊ नका; नाव आणि तारीख लिहून खोक्यात ठेवा.

इंजिनकप्पा प्रेशरने धुऊ नका. डब्यांवरचे कागदी स्टिकर आणि नळ्यांवर कारखान्यात मारलेले रंगाचे ठिपके पाण्याच्या माऱ्याने जातात. ते ठिपके कोणत्याही पैशाने परत आणता येत नाहीत. ब्रश, ओलं फडकं, वेळ.

पाऊस आणि खारं वारं

या पिढीच्या गाडीला पाणी चार ठिकाणांहून छळतं. वायपरखालच्या पन्हाळीत गुलमोहराची बारीक पानं आणि माती साचते, निचऱ्याचं तोंड बुजतं, पाणी आत येतं. मे संपायच्या आत ते झाकण उचलून हाताने साफ करा. केबिन फिल्टरच्या चौकटीचं सील सुटलं की डाव्या बाजूचं, पायाखालचं कार्पेट ओलं होतं. दारातल्या पॅनेलमागचं आवरण ज्या चिकट पट्टीने लागतं ती वाळते, आणि दारातून वाहणारं पाणी खाली न जाता आत येतं. ब्यूटिलच्या पट्टीने पुन्हा बसवा, सिलिकॉन लावू नका. चौथी जागा पुढच्या मडगार्डच्या आतला फोम. तो चिखल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो, बाहेर फोड येईपर्यंत पत्ताच लागत नाही. चाकामागचं आतलं प्लास्टिक काढून फोम बाहेर घ्या, माती धुवा, वाळवा, आणि आतून मेणयुक्त गंजरोधक फवारा. तळाला काळं डांबर फासून घेऊ नका. त्याखाली गंज निवांत वाढतो, आणि पारखी ग्राहकाला तेच दिसतं.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या गाड्यांना आठवड्यातून एकदा तळाला साधं पाणी मारा, खारट थर जायला हवा. मागच्या झाकणावरची नंबर प्लेटच्या दिव्याजवळची कड बोटाने चाचपत राहा.

पॉलिश जपून. वरचा क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, आणि मशीनने जोरदार कटिंग केलं की त्यातले काही मायक्रॉन जातातच. दर दिवाळीला 'रबिंग-पॉलिश' करणाऱ्या गाडीच्या कडा काही वर्षांत फिक्या पडतात. बारीक ओरखडे राहू द्या. एखादा डाग मूळ रंगात असेल तर तो नव्या रंगापेक्षा किमती. पॅनेल मारणं टळतच नसेल तर फक्त तेवढंच पॅनेल मारा, आधी आणि नंतरचे फोटो ठेवा.

आतली बाजू

दरवाजाच्या काचेची यंत्रणा प्लास्टिकच्या क्लिपवर उभी असते. क्लिप तुटली की काच धप्पकन दारात पडते. संपूर्ण यंत्रणा बदलायची गरज नाही, धातूच्या क्लिपचा संच मिळतो. दार उघडलेलंच आहे तर कुलपातला बारीक स्विचही बघा. तो खराब झाला की आतला दिवा लागत नाही आणि सेंट्रल लॉक मनमानी करतं.

मऊ रबरी रंग दिलेली बटणं आणि हँडल उन्हाने चिकट होतात. पेट्रोलने पुसू नका, खालचं प्लास्टिक पांढरं पडतं. सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि जिथे थर उठलाच आहे तिथे तो भाग जसा आहे तसा जपून पर्याय शोधा. पुढच्या सीटचा दाराकडचा कड झिजतो, कारण आपण त्याच्यावरून घसरत उतरतो. तेवढाच तुकडा त्याच छटेच्या लेदरचा घालून शिवता येतो. पूर्ण सीट नव्याने शिवून घेऊ नका. प्लास्टिकचं किंवा रेक्झिनचं कव्हर घातलं तर खाली घामाने बुरशी येते.

जॅक, चाकाचा पाना, टोइंगचा हूक, चाकाच्या बोल्टवरच्या टोप्या ओढायचा वाकड्या तारेचा तो छोटा आकडा, हे सगळं डिकीतल्या जागेवर आहे का बघा. दोन्ही चाव्या आणि चावीसोबत आलेली, इमोबिलायझरचा पिन-नंबर लपवलेली प्लास्टिकची पट्टी असेल तर उत्तम.

कागद

सर्व्हिस बुक, मूळ बिल, फॉर्म २१ (विक्री प्रमाणपत्र), फॉर्म २२ (गाडी रस्त्यालायक असल्याचं कंपनीचं प्रमाणपत्र), रस्ताकराची पावती, विम्याच्या जुन्या पॉलिसी, पीयूसी, गॅरेजची बिलं. दरवर्षीच्या सर्व्हिसच्या बिलावर किलोमीटर लिहिलेले असतात, आणि मीटर मागे फिरवलेला नाही याचा हाच पुरावा. थर्मल कागदावरच्या बिलांची अक्षरं उडतात, म्हणून प्रती काढून ठेवा.

१५ वर्षांनंतर फॉर्म २५ भरून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. २० वर्षांपुढच्या मोटारींसाठी २०२५मध्ये केंद्राने हे शुल्क १०,००० रुपये केलं, शिवाय पर्यावरण कर वेगळा. मुदतीच्या दोन महिने आधी कामाला लागा. आरसीवरचा रंग आणि गाडीचा रंग जुळला पाहिजे. न नोंदवलेला रंगबदल पासिंगला अडतो. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी बसवावी लागते. बसवणाऱ्याला मूळ भोकंच वापरायला सांगा, आणि जुनी पाटी व डीलरचं नाव असलेली चौकट घरी ठेवा.

दिल्लीकडून आलेली गाडी घेत असाल तर एनओसी (फॉर्म २८), मूळ कर आणि आधीच्या मालकांची संख्या घासून बघा. तिथल्या १५ वर्षांच्या नियमामुळे चांगल्या गाड्या स्वस्तात इकडे आल्या, त्यांच्याबरोबर वाईटही आल्या.

विम्यात पाच वर्षांपुढच्या गाडीचं मूल्य कंपनी आणि मालक यांच्यात ठरतं. संगणकाने दाखवलेला भंगारभाव निमूटपणे स्वीकारू नका. फोटो, बिलं आणि मूल्यांकन दाखवून रक्कम वाढवून घ्या.

उभी ठेवताना

महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी चालवलेल्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. पंधरा दिवसांतून एकदा २५-३० किलोमीटर, ऑइल पूर्ण गरम होईपर्यंत, एसी लावून. दारात पाच मिनिटं सुरू करून बंद करणं टाळा. एक्झॉस्टमध्ये पाणी साचतं, ऑइल पातळ होतं.

पेट्रोलमधल्या इथेनॉलला पाण्याची ओढ असते. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल अर्ध्या टाकीत पावसाळाभर ठेवलं तर ते ओलावा ओढून घेतं. लांब उभी राहणार असेल तर टाकी गच्च भरा. या गाडीच्या काळातल्या रबरी पेट्रोल नळ्या अशा मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या. बॉनेटखाली वास आला किंवा नळी दाबल्यावर तडे दिसले तर इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या लावा. हा बदल सुरक्षेचा आहे, इथे मूळपणाचा हट्ट नको.

हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये टाकून चाकांना लाकडी ठोकळे लावा. दमट हवेत ब्रेकचे पॅड डिस्कला चिकटतात. टायरवरच्या चार अंकी तारखेत पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही शिल्लक असो, सात-आठ वर्षांपुढच्या टायरवर जोरात जाऊ नका. माप आणि हवेचा दाब पेट्रोलच्या झाकणामागच्या स्टिकरवर असतो. बॅटरीला बारीक चार्जर लावून ठेवा. कव्हर हवा खेळणारं. ताडपत्री टाकली तर आत घाम धरतो.

उंदरांना मात्र कुणाचाच मुलाहिजा नसतो. बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवायची जुनी रीत थोडे दिवस चालते, वास उडाला की संपली. एअर बॉक्सच्या तोंडाला बारीक तारेची जाळी लावा, आणि गाडीशेजारी धान्याची पोती किंवा कचऱ्याचा डबा नको. कुरतडलेली वायर टेप लावून चालवली तर ती पुढच्या पावसात पुन्हा त्रास देते.

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणी, म्हणजे 'व्हीए' अक्षरांची पाटी, पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या आणि चासी, बॉडी, इंजिन मूळ रूपात असलेल्या गाडीलाच मिळते. २००५ सालच्या आरएसचा नंबर २०५५मध्ये लागेल. त्याआधी ती चार-पाच हातांतून जाणार हे धरून चाला. म्हणूनच काढलेल्या भागांचं खोकं, वही आणि ईसीयूच्या मूळ फाइलची प्रत गाडीबरोबरच द्या. वेगळी विकलीत तर खोक्याचे चार पैसे येतील, गाडीचे मात्र त्याहून जास्त जातील.